टेपरमध्ये गुळपोळी खा आणि गप्प पडा

मुंबई मॅरेथॉन बहुतेक जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते म्हणजे संक्रांत बरोब्बर टेपरमध्ये (रेसआधी पळणं कमी करत आणायचे आठवडे) येते, मग तूप लावून गुळपोळी हाणा की बिनधास्त. शेवटचे २-३ आठवडे किलोमीटर कमी करत आणायचे, रेसच्या आठवड्यात तर निम्म्याहून कमी, पण मधेच ३-४ किमी रेसच्या स्पीडने पळायचे म्हणजे पाय जड पडत नाहीत. वजन किलोभर वाढलं तरी टेन्शन नको, स्नायूंत ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साठतं आणि ते दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, तेच पुढे रेसमध्ये पेडर रोडच्या चढावर कामी येतं. गुडघा उगाचच दुखल्यासारखा वाटेल (माझा दरवेळी, तोही डावाच!) आणि "राहिलेला लाँग रन उरकून टाकू" असा किडा वळवळला की सरळ चादर ओढून झोपा.