नवरा ब्रिटिश, लग्नाची नोंद डिचोलीत: घटस्फोटाआधी पैशाचं बघा

वडील गेल्यावर आमची गोव्यातल्या मये गावची जमीन विकायची ठरली. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात कारकुनाने दस्तात माझ्या नावापुढच्या ‘विवाहित’ या शब्दाखाली बोट ठेवून विचारलं, ‘घोवाची सय खंय?’ म्हणजे नवऱ्याची सही कुठे? घोव इंग्लंडमध्ये लेस्टरला होता आणि आमचं बोलणं बंद होतं. दस्त घेऊन भाऊ आणि मी परत आलो. घटस्फोट म्हणजे नुसतं वेगळं होणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

गोव्यात अजूनही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. लग्नाआधी करार केला नसेल, तर नियम असा की नवराबायकोची संपत्ती सामाईक, माहेरून आलेलीही, आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. स्थावर विकायची तर दोघांची सही लागते. आम्ही करार केलाच नव्हता. म्हणून आधी लग्नाच्या नोंदीचा दाखला काढा आणि करार होता की नाही ते वकिलाकडून तपासून घ्या. लग्न झाल्यावर असा करार करता येत नाही.

आमचा घटस्फोट इंग्लंडच्या कोर्टात झाला. तिथे एप्रिल २०२२ पासून कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, त्यामुळे घटस्फोट सोपा वाटतो. पण तिथे घटस्फोटाचा आदेश आणि पैशाचा आदेश वेगळे असतात. पहिला मिळाला म्हणून दुसरा आपोआप येत नाही. पैशाचा आदेश हाती येईपर्यंत घटस्फोटाच्या अंतिम आदेशासाठी अर्ज करू नका. अंतिम आदेशानंतर, पण पैशाच्या आदेशाआधी नवरा दगावला, तर विधवा म्हणून मिळणारं पेन्शन हातचं जाऊ शकतं. आणि पैशाचा अर्ज न करता दुसरं लग्न केलंत तर तुमचे बहुतेक दावे तिथेच संपतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं नेमकं हेच झालं. आजही तिच्यासाठी जीव तुटतो.

पैशाच्या आदेशासाठी तिथल्या कोर्टात जो ‘फॉर्म ई’ भरायचा असतो, त्यात दोघांनाही सगळं उघड करावं लागतं: बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, घर, पेन्शनची आजची किंमत, कर्जं. मयेची जमीन लपवायचा मोह मलाही झाला होता. लपवू नका. जगातली सगळी मालमत्ता दाखवायची असते आणि लपवलेलं सापडलं तर ठरलेला आदेशही पुन्हा उघडतो. कर्जाचंही तेच. जॉइंट खात्यावरच्या उधारीसाठी बँक दोघांपैकी कुणालाही धरते, म्हणून वेगळं राहायला लागल्याबरोबर ते खातं गोठवायला सांगा. ब्रिटिश पेन्शनची वाटणी करायची तर तिथल्याच कोर्टाचा आदेश लागतो. इथल्या कोर्टाचा आदेश पेन्शनवाले मानत नाहीत.

तिकडचा निकाल इकडे चालावा म्हणून तिथे हजर राहा, कोर्टाच्या कागदांना उत्तर द्या, संमती लेखी द्या. एकतर्फी निकाल इथे अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात याच्या अटी घालून दिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळजणी विसरतात. संहिता लागू असलेल्या जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं वगैरे, आयकर कायद्याप्रमाणे दोघांत अर्धं-अर्धं दाखवायचं असतं. माझ्या एफडीचं अर्धं व्याज वर्षानुवर्षं त्याच्या नावावर पडत होतं. घटस्फोटाची तारीख सीएला लगेच कळवा.

शेवटी आमचं जुळलं ते असं: पेन्शनमधला वाटा मला, मयेवरचा हक्क त्याने सोडायचा. त्यासाठी त्याने लेस्टरला नोटरीसमोर मुखत्यारपत्र केलं, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, घेतलं आणि कुरियरने पाठवलं. असा कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. पाकीट आलं त्याच आठवड्यात मी तो भरला. मग लग्नाच्या नोंदीवर घटस्फोटाचा शेरा मारून घेतला आणि भावाला घेऊन पुन्हा सब-रजिस्ट्रारकडे गेले. या खेपेला दस्तात माझ्या नावापुढे ‘घटस्फोटित’ होतं. कारकुनाने मुखत्यारपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे केलं.