नवीन पिकअप ठराविक स्पीडलाच थरथरते? मग या चुका तरी करू नका

गाडी शोरूममधून बाहेर पडून पंधरा दिवस होत नाहीत तोच फोन येतो, "अरे जोरात गेलं की गाडी थरथरते, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, काही फरक नाही." मी विचारतो नक्की कुठल्या स्पीडला, तर म्हणे हायवेला. हायवेला म्हणजे ८० की ११०? स्टेअरिंग हलतं की सीट? रेस देताना की पाय काढल्यावर? यातल्या एकाचंही उत्तर नसतं, पण तोवर पैसे दोन ठिकाणी खर्च करून झालेले असतात.

तर पहिली चूक हीच, गाडी नीट चालवून न बघता पाना उचलणं. गाडीत फिरणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने तीन, चाकं, प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालचा लांब दांडा, जो इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेतो) आणि इंजिन. तिघांचा फिरायचा वेग वेगळा, त्यामुळे थरथरही वेगळी. रिकामा सरळ रस्ता बघा, ज्या स्पीडला त्रास होतो तिथे गाडी न्या आणि न्यूट्रल करा (इंजिन बंद करायचं नाही हं, स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात). थरथर तशीच राहिली तर इंजिन संशयातून सुटलं, आता चाकं नाहीतर शाफ्ट. मग त्याच स्पीडला एक गिअर खाली टाकून बघा, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढला पण थरथर होती तशीच आणि त्याच स्पीडला, तर परत तेच उत्तर. आरपीएमबरोबर ती बदलत गेली तर चाकांच्या नादी लागूच नका, इंजिन माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्याकडे बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण लोकांना ते 'काम' वाटतच नाही, काहीतरी खोललं तरच समाधान.

स्टेअरिंग हललं तर बहुतेक वेळा पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर हललं तर मागची चाकं किंवा शाफ्ट. पक्कं करायचं असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा. थरथर सीटमधून स्टेअरिंगमध्ये आली की चाकच दोषी.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. "बॅलन्सिंग झालंय म्हणजे टायरचा प्रश्न नाही."

हे मी स्वतः केलंय म्हणून एवढं चिडून लिहितोय. माझी पिकअप नवी होती, ९० ते १०० च्या मध्ये सीटखाली धडधड, ११० ला परत शांत. तीन वेळा बॅलन्सिंग केलं, तिन्ही वेळा मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य, आणि तिन्ही वेळा परत येताना तीच धडधड. मशीनचा दोष नव्हता, ते चाक हवेत फिरवून फक्त वजन बघतं, चाक गोल आहे की नाही त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. अंड्यासारखं चाकसुद्धा वजनं चिकटवून शून्यावर आणता येतं. शेवटी वैतागून एका सकाळी पुढच्या चाकांना अडसर लावला, मागचं चाक उचललं, खाली स्टँड लावला, हँडब्रेक काढून गाडी न्यूट्रल केली आणि टायरजवळ लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर खडू असा धरला की जेमतेम टेकेल. चाक हाताने हळूहळू फिरवलं. एका जागी खडू घासायचा आणि अर्धा फेरा झाला की मध्ये काडेपेटीची काडी सहज जाईल एवढी फट. मग तोच खडू रिमच्या कडेला धरून पाहिलं, तिथेही त्याच जागी थोडा फरक होता, पण टायरपेक्षा कमी. म्हणजे रिमचा उंच भाग आणि टायरचा उंच भाग नेमके एकावर एक बसले होते. टायरवर आणि रिमवर खूण केली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला लावला, परत बॅलन्स केलं. फट निम्म्याहून कमी झाली आणि धडधड एवढी उतरली की बाजूला बसलेल्याला सांगितल्याशिवाय कळेना.

व्यवस्थित पद्धत म्हणजे डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) लावून मोजणं, किंवा टायरवर रोलर दाबून लोडखाली तपासणाऱ्या मशीनवर नेणं, त्याला रोड फोर्स बॅलन्सिंग म्हणतात. मिळत असेल तर तेच करा. मला खडू आवडतो कारण तो घरी असतो.

नव्या गाडीच्या दोन खास गोष्टी. गाडी यार्डात महिनोन्महिने एका जागी उभी असते, टायर खालून चपटे होतात. वीस-तीस किलोमीटर चांगल्या स्पीडने चालवून टायर गरम झाल्यावर थरथर कमी होत असेल तर तेच कारण, जरा धीर धरा, गाडी वापरा. दुसरी गोष्ट, वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते आणि ती डिलिव्हरीच्या आधी कमी करायची असते, पण कोणीतरी विसरतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावरचा आकडा बघा, टायरच्या भिंतीवरचा नाही, तो कमाल मर्यादेचा असतो.

अलाइनमेंटने थरथर जात नाही. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो त्यासाठी अलाइनमेंट असतं. बस, यावर जास्त बोलणार नाही.

रिमच्या आत वाळलेला चिखल चिकटलेला असताना बॅलन्सिंग करू नका, आधी धुवा. चाक बसवताना हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, सपाट पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करा, तिथे एक खडा अडकला तरी चाक तिरकं बसतं. नट एअर गनने एका फटक्यात आवळू देऊ नका, समोरासमोरचे आळीपाळीने आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना). फक्त ब्रेक दाबल्यावरच हादरे येत असतील तर डिस्ककडे बघा, हा अख्खा लेख तुमच्यासाठी नाही.

आणखी एक मोठी चूक, डिलिव्हरीनंतर गाडीला आपण काय काय केलं ते विसरणं. एका मित्राची पिकअप, ७५ पासून पुढे सीटखाली बारीक भुणभुण, आतल्या आरशात मागची गाडी धूसर दिसायची, स्टेअरिंग मात्र एकदम शांत. पठ्ठ्याने चार वेळा चाकं बॅलन्स केली. न्यूट्रलला टाकलं तरी फरक नाही. मी मोबाइलमधलं व्हायब्रेशन मोजायचं ॲप चालू करून फोन कन्सोलवर घट्ट ठेवला आणि गणित केलं. टायरचा एक फेरा साधारण २.४ मीटर, म्हणजे ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला नऊ-सव्वानऊ फेरे मारतं. मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.७ च्या आसपास, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७, म्हणून शाफ्टचे सेकंदाला फेरे चौतीस. ॲपवर सगळ्यात जास्त थरथर दिसली ती चौतीस-पस्तीस हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढे हादरे. चाक असतं तर नऊला यायला हवं होतं.

खाली शिरलो तर काय, गाडी घेतल्याच्या आठवड्यातच साहेबांनी गंज लागू नये म्हणून खालून काळं कोटिंग मारून घेतलेलं, आणि मारणाऱ्याने शाफ्टवरही फवारलेलं. फवारताना शाफ्ट फिरत नसल्यामुळे खालच्या अंगाला बोटभर रुंद थरांचे ओघळ, वरचं अंग जवळजवळ कोरं. रॉकेल आणि लाकडी पट्टी घेऊन अर्धा दिवस खरवडत बसलो. शाफ्टवर कंपनीने जोडलेल्या छोट्या वजनाच्या पट्ट्या असतात त्यांना धक्का लावला नाही, तुम्हीही लावू नका. त्याच संध्याकाळी ट्रायल घेतली, आरसा स्वच्छ.

शाफ्ट काढायची वेळ आलीच तर काढायच्या आधी दोन्ही टोकांना आणि सरकत्या जोडावर खुणा करा, एक दाता इकडेतिकडे बसला की दोन्हीकडचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे जोड) एका ओळीत राहत नाहीत आणि नवंच दुखणं सुरू होतं. लांब पिकअपला शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग असतं, त्याचं रबर हाताने हलवून बघा. गाडी उंच करायचं किट लावलं असेल आणि सुटतानाच, जोर लावल्यावर हादरे येत असतील तर क्रॉसचे कोन बिघडलेत, चाकांना दोष देऊ नका.

आणि कृपा करून एका दिवशी टायर, वजनं, बेअरिंग सगळं बदलू नका. बरी झाली तरी कशाने ते कळणार नाही, नाही झाली तर आणखी गोंधळ. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही ठेवतो, तारीख, स्पीड, गिअर, हौदा रिकामा की भरलेला, काय बदललं. सर्व्हिस सेंटरला "सर, या मॉडेलला एवढं नॉर्मल आहे" ऐकायला लागतं तेव्हा हीच वही पुढे करतो, आणि त्या माणसाला शेजारी नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो आणि नव्वदला न्यायला सांगतो.