थासोस बेटावरच्या गिओला कुंडात पोहायला जाताय? आधी हे वाचा

ग्रीसमधल्या थासोस बेटाच्या दक्षिण टोकाला, ॲस्ट्रिस गावाजवळ, समुद्राला अगदी खेटून खडकातच एक कुंड तयार झालंय, त्याचं नाव गिओला. साधारण 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद, एका बाजूला उंच कडे आणि दुसऱ्या बाजूला फक्त खडकाची भिंत, पलीकडे थेट एजियन समुद्र. मोठी लाट आली की पाणी भिंतीवरून आत पडतं आणि मग उन्हात तापतं, म्हणून कुंडातलं पाणी समुद्रापेक्षा कोमट लागतं.

बेटावर विमानतळ नाहीये. मुख्य भूमीवरच्या कावाला एअरपोर्टवरून केरामोती बंदराला जायचं, तिथून फेरीने साधारण 40 मिनिटांत बेटावरचं मुख्य गाव लिमेनास. पुढे गाडी किंवा स्कूटर भाड्याने घ्या, बेटाला गोल फिरणारा रस्ता आहे. मेन रोड सोडला की खाली कच्चा, दगडधोंड्यांचा रस्ता लागतो, तिथे गाडी वरच लावून चालत गेलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वारा बघा. इथे भरती-ओहोटी अगदी थोडीच असते त्यामुळे तिचं टाइमटेबल बघून काही कळत नाही, खरा खेळ लाटांचा. उन्हाळ्यातला मेल्तेमी वारा उत्तरेकडून येतो तेव्हा ही बाजू डोंगराआड असते, पण दक्षिणेचा वारा सुटला की लाटा सरळ भिंतीवर आदळतात. पोचल्या पोचल्या पाण्यात शिरू नका, वरून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा, कारण मोठ्या लाटा मधूनच येतात आणि दोन शांत मिनिटं बघून फसायला होतं. भिंतीवरून पाणी जोरात आत येत असेल तर त्या दिवशी पोहायचं नाही, कितीही लांबून आला असलात तरी. आणि फोटोसाठी त्या भिंतीवर उभं राहू नका प्लीज, तिथून लाटेने ओढलं तर माणूस थेट बाहेरच्या समुद्रात जातो.

कड्यावरून उड्या मारणारे दिसतील, पण तुम्ही आधी हळूच उतरून, मास्क लावून तळ बघून घ्या. ओल्या खडकावर शेवाळं असतं, वॉटर शूज हवेतच. बाहेरच्या बाजूला सी अर्चिन, म्हणजे ते काळे काटेरी गोळे, त्यावर पाय पडला तर काटे आत तुटून राहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गर्दी फार, सावली जवळपास नाहीच. सकाळी लवकर जा, पाणी भरपूर न्या, परत चढ आहे हे लक्षात ठेवा. इमर्जन्सीला नंबर 112.