पेट स्कॅन: या चुका टाळा

“सकाळपासून पोटात काही नाही” म्हणणाऱ्या पेशंटला “आणि चहा?” हे वेगळं विचारावं लागतं. आपल्याकडे चहा खाण्यात मोजत नाहीत. पेट स्कॅनसाठी टोचतात ते किरणोत्सारी औषध, म्हणजे एफडीजी, हा ग्लुकोजचाच भाऊबंद. कॅन्सरच्या गाठी तो हावरटासारखा ओढतात, म्हणून चमकतात. चहातल्या दोन चमचे साखरेने तिथेच घोळ होतो. किमान ६ तास उपाशी राहा. साधं पाणी मात्र भरपूर प्या.

याहून वाईट म्हणजे घाईचं इन्सुलिन. शुगर २४० निघते. तारीख हुकू नये म्हणून नातेवाईक वेटिंग रूममध्येच इन्सुलिन टोचतात. अर्ध्या तासात १७० येते आणि एफडीजीचा डोस दिला जातो. मग पडद्यावर (तिथे एफडीजी जास्त ती जागा काळी दिसते) मांड्या, खांदे, हृदय काळंकुट्ट, लिव्हर फिकट, आणि सीटीवर स्पष्ट असलेली फुप्फुसातली १२ मिमीची गाठ पेटवर जेमतेम. इन्सुलिनने ग्लुकोज स्नायूंत ढकललं, मागोमाग एफडीजीही गेलं. अंकावर शुगर सुधारली, स्कॅन वाया गेला. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे आलेला डोस सोडणं सेंटरच्या जिवावर येतं. तरी सोडावा. २००च्या वर शुगर असेल तर सरळ दुसरी तारीख. झटपट इन्सुलिन आणि एफडीजी यांत किमान ४ तास हवेत. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने आतडी चमकतात. ही गोळी ४८ तास आधी थांबवायची का, हे डायबेटिसच्या डॉक्टरांनाच विचारा.

दुसरी चीड आणणारी चूक तुलनेतली. पहिला स्कॅन इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी, दुसरा गर्दीमुळे ९५ मिनिटांनी. बऱ्याच गाठी तासाभरानंतरही एफडीजी ओढत राहतात. एसयूव्ही (गाठीने किती एफडीजी ओढलं याचा डोस आणि वजनावरून काढलेला आकडा) चढतो आणि आजार वाढल्यासारखा दिसतो. फरक १० मिनिटांच्या आत ठेवा, शक्यतो मशीनही तेच. वजन त्याच दिवशी काट्यावर घ्या. केमोत ६ किलो उतरलेल्या माणसाचं जुन्या फाइलीतलं वजन टाकलं, की एसयूव्ही फुगतो. आणि जुन्या स्कॅनची सीडी आणा. नुसत्या रिपोर्टवर तुलना होत नाही.

इंजेक्शननंतर फोनवर गप्पा नकोत, च्युइंगमही नको. थंडी वाजली तर मानेतली ब्राऊन फॅट (उष्णता तयार करणारी चरबी) चमकते, पांघरूण मागा. केमोनंतर निदान १० दिवस, रेडिएशननंतर साधारण ३ महिने थांबा. ‘होल बॉडी’ बहुधा कवटीच्या तळापासून मध्य मांडीपर्यंतच असते. मेंदू मुळातच ग्लुकोज खातो, तिथल्या बारीक गाठी एफडीजीत हरवतात. शंका असेल तर एमआरआय.

राहिला टीबी. छातीतल्या लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) त्यातही कॅन्सरइतक्याच काळ्या दिसतात. उपचाराची दिशा त्या एका नोडवर ठरणार असेल, तर आधी सुई घालून तुकडा तपासा.