घरशाळेचा दिवस कसा आखावा

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पुण्यातील ख्रिस्ती कुटुंबाने दिवसाची सुरुवात कौटुंबिक प्रार्थनेने करावी. मात्र ती १५ मिनिटांपलीकडे लांबवू नये, कारण धाकट्याची चुळबुळ सुरू झाली की वचनातले काहीच मनात उतरत नाही. मोठीने स्तोत्रातील चार ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि धाकट्याने त्यातील एक दुरेघी वहीत उतरवून काढावी, म्हणजे शुद्धलेखनही होते. गणित डोके ताजे असतानाच घ्यावे. अपूर्णांक मात्र स्वयंपाकघरात शिकवावेत: अर्धी वाटी आणि पाव वाटी कणीक मिळून पाऊण वाटी होते, हे पिठाने माखलेल्या बोटांना लवकर कळते.

इतिहासासाठी महिन्यातून एक दिवस राखून ठेवावा. पंडिता रमाबाईंनी जिथे निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभारले, त्या दौंड मार्गावरील केडगावला मुलांना रेल्वेने न्यावे आणि १८८९ साली मुंबईत सुरू झालेली त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, पुढे पुण्यात आली, ती हकिगत प्रवासातच सांगावी.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करायची असल्यास वयाची १४ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणून बारावे वर्ष लागताच विषयांचा विचार सुरू करावा. संध्याकाळी मुलांना सोसायटीतील सवंगड्यांबरोबर खेळायला अवश्य पाठवावे. शाळेत न जाणाऱ्या मुलाला ही सोबत अधिकच हवी असते.