काट्यावरचं वजन संगणकात येत नसेल तर आधी सेकंद मोजा

मी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात काम करते. गळीत हंगामात उसाच्या गाड्या तोलणाऱ्या आमच्या दोन्ही काट्यांवरचं वजन थेट संगणकात येतं. वजनाचे आकडे दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची (सिरियल, म्हणजे एकामागून एक अक्षर पाठवणारी) वायर निघते, केबिनमधल्या एका छोट्या डबीत जाते आणि तिथून पुढे लॅनची केबल. या डबीला कागदावर सिरियल डिव्हाइस सर्व्हर म्हणतात, आम्ही डबीच म्हणतो. हाताच्या पंजाएवढी वस्तू, पण ती अडली की ट्रॅक्टरची रांग गेटापर्यंत जाते.

दोन हंगामांपूर्वी रात्री लाईट गेली आणि लगेच आली. केबिनच्या यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे संगणक रिस्टार्ट झाला. नंतर सॉफ्टवेअर नुसतं 'कनेक्ट होत आहे' दाखवत बसलं. इंडिकेटरवर वजन लाल आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. काटा क्लार्क म्हणाला, हाताने टाकतो. गाडीवाला शेतकरी खिडकीशीच उभा होता. तो म्हणाला, "ताई, काट्यावर दिसतंय ते मशिनीत का येईना? हातानं नका टाकू." त्याचं बरोबर होतं. वर्षभर राबून आणलेल्या उसाचं वजन कुणी बोटाने टाइप करू नये, म्हणूनच तर ही वायर ओढलेली असते. त्या रात्रीपासून मी जी पद्धत धरली ती इथे लिहिते.

पहिलं काम म्हणजे मोबाइलचं स्टॉपवॉच लावून कनेक्ट दाबायचं आणि एरर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. गाडं कुठे अडलंय ते या आकड्यावरून बरंचसं कळतं.

एक-दोन सेकंदांत 'नकार' आला, तर त्या पत्त्यावर कुणीतरी जागं आहे, पण ते पोर्ट (त्या पत्त्यावरचा जोडणीचा क्रमांक) उघडं नाही किंवा दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलंय. विंडोजवर साधारण २१ सेकंदांनी एरर आली, तर समोरून काहीच उत्तर नाही. पहिली हाक, ३ सेकंद थांबून दुसरी, मग ६ सेकंदांनी तिसरी, मग १२ सेकंद वाट बघून नाद सोडायचा, असा जुन्या विंडोजचा हिशेब आहे. लिनक्सवर हीच वाट मूळ सेटिंगला दोन मिनिटांहून थोडी जास्त चालते, म्हणून तिथे लोकांना संगणकच अडकला असं वाटतं. आणि कनेक्शन झटकन होतं पण वजन उशिरा येतं, तर लॅनला हात लावू नका, दुखणं सिरियलच्या बाजूला आहे.

आमच्या त्या रात्री पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी नेटवर्कवरची हाक, जात होतं, तरी कनेक्शनला २१ सेकंद लागून एरर येत होती. पिंगला उत्तर आलं म्हणजे डबीचा लॅनचा भाग जिवंत आहे एवढंच ठरतं. झालं होतं असं की संगणक बंद पडला, पण डबी वेगळ्या सप्लायवर असल्यामुळे चालूच राहिली. संगणकाने निरोप न घेता फोन टाकला आणि डबी अजून तो कानाला लावून बसली. एका पोर्टवर एकच कनेक्शन घ्यायचं असं सेटिंग असलं की नव्याला जागा नाही. अशा वेळी काही डब्या सरळ नकार देतात, काही गप्प बसतात. आमची गप्प बसणारी.

इथे एक बारकावा आहे, तो समजायला मला बरेच दिवस लागले. इंडिकेटर सतत वजन पाठवणारा असेल, तर ही अडचण बहुधा आपोआप सुटते. डबी जुन्या कनेक्शनवर वजन पाठवते, नव्याने सुरू झालेला संगणक 'हे कनेक्शन माझं नाही' असं कळवतो आणि पोर्ट मोकळं होतं. आमचा इंडिकेटर मात्र मागितल्याशिवाय काही देत नाही. त्यामुळे डबीला काही पाठवायचंच नव्हतं, आणि पलीकडे कुणी नाही हे तिला कळायला मार्गच नव्हता.

डबी बंद-चालू केली की सगळं सुरू होतं. सगळे तेच करतात, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच. त्याऐवजी ब्राउझरमध्ये डबीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून सेटिंग उघडा आणि 'कीप-अलाइव्ह' किंवा 'अलाइव्ह चेक' शोधा. पलीकडचा अजून आहे का, ही ती तपासणी. टीसीपीमध्ये, म्हणजे या कनेक्शनच्या नियमांत, ती मुळात दोन तासांनी होते, काट्यावर दोन तास कुणाला परवडणार? मी एक मिनिट ठेवलंय. शून्य टाकू नका, बहुतेक डब्यांत शून्य म्हणजे तपासणी बंद. कनेक्शनची संख्या दोन करा असाही सल्ला मिळतो, तो मी मानत नाही. दोन प्रोग्राम एकाच इंडिकेटरला वजन मागू लागले की एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही पदरात पडतं. वजनाच्या बाबतीत तो धोका नको.

नकार लगेच येत असेल, तर आधी विचारा की ऑफिसमधल्या कुणाच्या संगणकावर पुट्टीसारख्या जोडणी तपासायच्या प्रोग्रामची खिडकी त्या पोर्टला जोडून उघडी राहिली आहे का. एकदा ती माझ्याच टेबलावर होती.

कधी लागतं, कधी लागत नाही, असं असेल तर दोन यंत्रांना एकच आयपी गेलाय का बघा. पिंग चालू ठेवून डबीची लॅन केबल काढा. तरीही उत्तर येत राहिलं, तर तो पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे. मग संगणकावर 'एआरपी -ए' ही कमांड चालवून त्या आयपीसमोरचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातूनच आलेला क्रमांक) डबीच्या तळाच्या स्टिकरशी ताडून बघा. आमच्याकडे तो गाडीअड्ड्यावर नव्याने बसवलेला कॅमेरा निघाला.

आता सिरियलची बाजू. ९६०० बॉडच्या वेगाने एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे १८ अक्षरांचं वजन २० मिलिसेकंदांच्या आत डबीत पोचतं. तरी स्क्रीनवर उशिरा येत असेल, तर डबी पॅकेट, म्हणजे लॅनवर एकदम पाठवायचा अक्षरांचा गठ्ठा, भरायची वाट बघत थांबलेली असते. पॅकेटची लांबी १०२४ ठेवलेली असेल आणि बाकी काही ठरवलेलं नसेल, तर १८ अक्षरांनी ती कधी भरणार? इंडिकेटर ज्या अक्षराने ओळ संपवतो ते, बहुधा ०डी (ओळ संपल्याची खूण), डिलिमिटर म्हणजे 'इथे गठ्ठा पाठव' असं सांगणारं अक्षर म्हणून द्या. वजन ताबडतोब येतं.

पॉवर हाउसचे मीटर मॉडबस पद्धतीने, म्हणजे एकेकाला विचारून, वाचले जातात, त्यांचंही थोडक्यात सांगते. एका वायरवर वीस मीटर असतील आणि एकच मेलेला असेल, तर एक सेकंदाचा टाइमआउट आणि तीन प्रयत्न धरून दर फेरीला तीन सेकंद त्याच्यावर जातात आणि सगळेच मीटर मंद वाटतात. तो यादीतून काढा. आणि सॉफ्टवेअरचा टाइमआउट डबीच्या टाइमआउटपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर पहिल्याचं उशिरा आलेलं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात पडू शकतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी मी दोन्ही केबिनमध्ये सगळी सेटिंग लावून संगणकाचा प्लग मुद्दाम खेचते, परत लावते, आणि वजन यायला किती वेळ लागतो ते मोजते. तो आकडा, आयपी, पोर्ट आणि बॉड रेट एका कागदावर लिहून डबीच्या शेजारी भिंतीला चिकटवलाय. रात्रपाळीचा क्लार्क फोन करतो तेव्हा आता आधी सेकंद सांगतो.