दुकानातला 'बिनव्याजी' हप्ता घेताना या चुका टाळा

दसरा-दिवाळीला फ्रिज बघायला गेलात की किंमत विचारायच्या आधीच उत्तर येतं, "काका, महिना फक्त तीन हजार, झिरो पर्सेंट!" इथेच पहिली आणि सर्वांत महागडी चूक होते: आपण हप्ता विचारतो, रोखीचा भाव विचारत नाही.

समजा, फ्रिज 30,000 चा आहे. 10 हप्ते, त्यातले दोन आगाऊ, म्हणजे 6,000 जागेवर द्यायचे आणि उरलेले 24,000 आठ महिन्यांत. वर प्रोसेसिंग फी 750 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 885. व्याजाच्या रकान्यात शून्यच. पण ही फी धरून हिशेब केला तर कर्ज वर्षाला साधारण 10 टक्क्यांनी पडतं. आता दुकानदाराला विचारा, "रोख दिले तर?" तो 28,500 म्हणाला, तर सोडून दिलेली ती 1,500 ची सूटही व्याजच समजा. मग दर जातो 28 टक्क्यांच्या वर. हिशेबात चूक नाही. दोन हप्ते आधीच दिल्याने हातात आलेलं कर्ज लहान असतं आणि तेही दर महिन्याला कमी होत जातं, म्हणून छोटी रक्कमसुद्धा जड पडते.

शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. कुणीतरी ते व्याज भरतंच: कंपनी, दुकानदार नाहीतर तुम्ही.

क्रेडिट कार्डावरच्या नो कॉस्ट ईएमआयची गंमत वेगळी. तिथे व्याज लागतं आणि तेवढीच सूट आधी दिली जाते. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येतो. फायनान्स कंपनीच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, म्हणून दोन्ही योजनांची तुलना करताना फक्त हप्ता पाहून चालत नाही.

सही करण्याआधी केएफएस, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एकत्र देणारा 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' हा कागद मागा. ऑक्टोबर 2024 पासून कर्ज देणाऱ्याने हा कागद, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर असतो. वाढीव वॉरंटी किंवा विमा गुपचूप कर्जात घुसवला असेल तर तोही इथेच सापडतो. रोखीची बुडालेली सूट मात्र त्यात दिसणार नाही. ती तुम्हीच धरायची.

हप्ता बाउन्स झाला तर? कर्जवाल्याचा दंड वेगळा, तुमच्या बँकेचा वेगळा. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला असेल, तर तारीख सुरुवातीलाच बदलून मागा. बाउन्स झाल्यावर घाईघाईने ॲपवरून पैसे भरलेत, तर मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी, पुन्हा बँकेत लावू नका असं कर्जवाल्याला लेखी कळवा, नाहीतर तोच हप्ता दोनदा कापला जायची भीती. कर्जावरच्या दंडाच्या रकमेवर आणखी व्याज लावायला 2024 पासून मनाई आहे. स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर भांडा.

वस्तू परत केली म्हणून कर्ज आपोआप मिटत नाही. दुकानाने पैसे फायनान्स कंपनीकडे परत पाठवल्याचा पुरावा हातात येईपर्यंत हप्ता थांबवू नका, कारण थकबाकी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तुमच्या नावावर लागते, दुकानदाराच्या नाही. शेवटचा हप्ता गेल्यावर काही देणं उरलं नाही असं नो ड्यूज पत्र घ्या आणि महिना-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

कर्ज 'क्लोज्ड' दिसत नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. पण कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख तिथे विचारतात, तेव्हा फोनवर भांडून थांबू नका, ईमेल करा.